पोस्टरवरचे शुभेच्छुक

निपाणीत बसस्टँडच्या पाठीमागच्या गल्लीत परशरामचं फ्लेक्सचं दुकान आहे. या माणसाला जगात एकाच गोष्टीचा राग येतो, तो म्हणजे मोकळ्या जागेचा. गिऱ्हाईक फ्लेक्स सांगून गेलं, की त्यातला टीचभर कोपरासुद्धा रिकामा सोडायचा नाही, हा त्याचा नेम. वाढदिवस एकाचा असला तरी फ्लेक्सवर निम्मी गल्ली हजर असते. वर उत्सवमूर्ती, काळा चष्मा लावून, मोबाईल कानाला. खाली 'शुभेच्छुक' म्हणून चेहऱ्यांची एक ओळ, तिच्याखाली दुसरी ओळ, आणि एवढं करूनही कुठं जागा उरलीच तर गुलाबाची फुलं. "गिऱ्हाईकानं पुरा फ्लेक्स मागितलाय, मग त्याला अर्धा कोरा कसा देऊ?" असं तो विचारतो, आणि आणखी एक गुलाब चिकटवतो.

फ्लेक्सचं मशीन यायच्या आधी तो पेंटर होता. निपाणीपासून बोरगावपर्यंत दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. वर कन्नड, खाली मराठी, आणि मालक हौशी असला तर कोपऱ्यात इंग्रजी. तिन्ही लिप्यांत हात असा वळणदार की मोठमोठे सावकार त्याच्यासाठी थांबून राहायचे. साऱ्या गावाची नावं त्यानं रंगवली, पण आपल्या घरातलं एक नाव कुठल्या पाटीवर लिहायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. घरात दुकान नव्हतं, पुढारी नव्हता, वाढदिवसाला फ्लेक्स लावावा असं कुणी नव्हतं. बापाचा जन्म तंबाखूच्या वखारीत राबण्यात गेला, आई तानीबाई विड्या वळत वळत म्हातारी झाली. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ते त्याच्या मनात होतं.

घर म्हणजे तरी कोण? ही तानीबाई, थोरला भाऊ देवाप्पा, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक उपासना. देवाप्पा निपाणी-बेळगाव बसवर कंडक्टर. परशरामनं लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं की तो मशीन सुरू करतो आणि मग त्या आवाजात पुढचं बोलणं होत नाही. सगळा जीव पुतणीवर. आता जीव लावणं चांगलंच, पण परशरामची माया त्याच्या फ्लेक्ससारखी असते, काठोकाठ भरलेली. त्यातून एकदा घरावर मोठंच संकट आलं होतं.

झालं असं, की तानीबाईला साखरेचा आजार निघाला आणि इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, थंड जागी ठेवा. घरात तेव्हा फ्रिज नव्हता. परशराम म्हणाला, त्यात काय एवढं, आणि बाटली घेऊन दुकानाशेजारच्या आईस्क्रीमवाल्याकडं गेला. त्याच्या फ्रीजरमध्ये, अगदी तळाशी, बर्फात खुपसून ठेवली. रोज सकाळी तो ती काढायचा, तळव्यात धरून वितळवायचा, धावत घरी आणायचा. आई बरी व्हायची सोडून दिवसेंदिवस वाळत चालली आणि एका दुपारी चुलीपुढंच कोसळली. दवाखान्यात एका सिस्टरनं विचारलं, इन्सुलिन ठेवता कुठं? परशरामनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. सिस्टर म्हणाली, "एकदा गोठलं की त्यात काही राम राहत नाही. इतके दिवस तुम्ही त्यांना नुसतं पाणी टोचलंय म्हणा ना."

तानीबाई वाचली. पण त्या दिवसापासून परशरामच्या मनात एक काटा रुतून बसला. आईस्क्रीमवाल्यानं फ्रीजरचं झाकण उघडलं तरी तो तोंड फिरवायचा. उपासना तेव्हा बारावीत होती. तिनं नर्सिंगला जायचं ठरवलं आणि बेळगावात एका कॉलेजात प्रवेश घेऊन तिथल्याच वसतिगृहात राहू लागली.

पोरगी हुशार, पण तिचं एक दुखणं होतं. तोंडी परीक्षा म्हटली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. घरात भाकरी थापता थापता ती आईला मूत्रपिंडाचं काम समजावून सांगायची. आईला ते समजायचंसुद्धा. तेच टेबलाच्या पलीकडं दोन परीक्षक बसले, त्यांनी चष्म्यातून रोखून बघितलं, की हिची वाचाच बसायची. गेल्या वर्षी एका विषयात ती अशीच अडकली होती. "काका, उत्तर येत हुतं मला. पण सर माझ्याकडं बघत हुते, आणि मला नुसता त्यांचा चष्माच दिसत हुता," असं सांगून ती रडली होती. या वर्षी पुन्हा अडकली असती तर वर्ष मागं राहणार होतं.

या वर्षी मात्र नीला मॅडमनी नवीन टूम काढली. समुदाय आरोग्य हा त्यांचा विषय. त्यांनी जाहीर केलं की तोंडी परीक्षेला टेबल-खुर्ची बंद. प्रत्येकानं लोकांत जाऊन एक प्रश्न शोधायचा, त्याच्यावर पोस्टर करायचं, ते हॉलमध्ये टांगायचं आणि त्याच्या बाजूला उभं राहायचं. परीक्षक फिरत फिरत येतील, पोस्टर बघतील, विचारतील, तिथंच मार्क देतील. आणि एक अट. पोस्टरवर नाव घालायचं नाही, नुसता नंबर. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला समोरची मुलगी दिसेल, पण ती कुणाची, कुठली, हे कळता कामा नये. आपल्याकडं आडनाव वाचलं की माणसाला पुढचं सगळं वाचल्यासारखं वाटतं, हे मॅडमना पुरतं ठाऊक होतं.

उपासनानं विषय घेतला तो इन्सुलिनचाच. बोरगावात घरोघरी हिंडली. कुणी बाटली देवघरात ठेवलेली, कुणी उन्हाच्या खिडकीत, एकानं तर पिठाच्या डब्यात. तिनं सगळ्यांचे फोटो काढले. मडक्यात मडकं ठेवून, मधल्या जागेत ओली वाळू भरून फ्रिजशिवाय इन्सुलिन कसं सांभाळायचं, याचं चित्र काढलं. नंबर मिळाला सव्वीस. पोस्टरचं डिझाईन तिनं मोबाईलवर केलं आणि काकांना पाठवलं. घरात मशीन असताना बाहेर छापायचं म्हणजे काकांचा अपमान झाला असता.

संध्याकाळी परशरामनं ते कॉम्प्युटरवर उघडलं आणि त्याचा चेहराच पडला. चहूकडून पांढरी जागा! मध्ये चार फोटो, एक चित्र, थोडा मजकूर, आणि कडेनं बघावं तिकडं कोरं. नाव नाही, फोटो नाही. कोपऱ्यात आपला सव्वीस आकडा, तोही एवढासा. "पोरगी लाजाळू हाय," तो पुटपुटला. "सांगायला संकोच वाटला असंल." ज्या हातानं त्यानं साऱ्या गावाची नावं लिहिली, तो हात आता थांबेना. त्यानं तिचा मजकूर आणि फोटो लहान करून मधोमध सारले. वर पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन, 'आमच्या घराण्याची शान, भावी सिस्टर कु. उपासना' असं आडनावासकट घातलं. बाजूला पांढऱ्या गणवेशातला तिचा फोटो. खाली 'शुभेच्छुक'. तानीबाई, देवाप्पा, वहिनी, आणि शेवटी थोडी जागा उरली म्हणून तो स्वतः. तरी दोन कोपरे राहिलेच, तिथं गुलाब.

छापून झालं तेव्हा तो बराच वेळ त्या फ्लेक्सपुढं उभा राहिला. डोळे भरून आले. मग गुंडाळी करून, वर वर्तमानपत्र लपेटून त्यानं ती देवाप्पाकडं दिली. "पहिल्या गाडीनं ने आणि बेळगावच्या स्टँडवर तिच्या हातात दे. म्हणावं, टांगतानाच उघड, मधीच उघडलंस तर घडी पडती."

सकाळी दुकान उघडून त्यानं उदबत्ती लावली आणि पुतणीला 'ऑल द बेस्ट' लिहायला मोबाईल काढला. बघतो तर डिझाईनच्या खाली तिचा आवाजातला एक निरोप, न ऐकलेला. गिऱ्हाईकांचे असले निरोप तो कधीच ऐकत नसे. मशीनच्या घरघराटात ते कळत नाहीत, आणि सगळ्यांत 'लवकर द्या' एवढंच असतं. त्यानं तो कानाला लावला. "काका, हाय तसंच छापा हं. नाव अजिबात घालू नका. नाव दिसलं तर पोस्टर धरत न्हाईत. आणि कडंची जागा मोकळीच ठेवा, त्याला मार्क हाईत."

परशरामला खुर्चीत बसता येईना आणि उभं राहवेना. मोकळ्या जागेला मार्क! असलं कधी कुणी ऐकलंय? त्यानं उपासनाला फोन लावला, तो बंद. परीक्षेच्या दिवशी मोबाईल आधीच जमा करून घेतात. देवाप्पाला लावला, तो म्हणाला, "दिलं की मगाशीच, कॉलेजात पोचली बी असंल. का रं, काय झालं?" परशरामनं फोन ठेवला. बोलणार काय? आईला बर्फाचं पाणी टोचलं, आता पोरीचं वर्ष बुडवलं. दोन्ही वेळेला कुणी सांगितलं नव्हतं एवढं जादा करायला.

त्यानं मशीन सुरू केलं. डिझाईन हात न लावता, आहे तसं छापलं. ते पुरतं वाळलं नव्हतं, तरी गुंडाळलं, दुकानाचं शटर ओढलं आणि स्टँडवर धावला. बेळगावच्या गाडीत त्याला मागची जागा मिळाली. गुंडाळी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून तो बसला. तवंदीच्या घाटात गाडी ट्रकच्या मागं सापडली, तेव्हा त्याला वाटलं, उतरावं आणि पळत सुटावं. संकेश्वरला ड्रायव्हर चहाला उतरला. एरवी परशरामही उतरला असता. आज त्यानं खिडकीतून त्या ड्रायव्हरकडं असं बघितलं की बिचाऱ्यानं अर्धा कप तसाच ठेवला. हत्तरगीचा टोल गेला, काकती गेली, किती गेलं तरी बेळगाव येईना. आलं तेव्हा स्टँडवरून रिक्षा करून तो कॉलेजात पोचला.

वरच्या मजल्यावर हॉल होता. दारात स्टुलावर नागोजी नावाचा शिपाई बसला होता. परशरामनं धापा टाकत सांगितलं, "सव्वीस नंबरचं पोस्टर बदलायचंय. चुकीचं आलंय. चूक माझी हाय, पोरीची न्हाय."

"आता बदल न्हाय हो अण्णा," नागोजी शांतपणे म्हणाला. "टांगायची वेळ सरली. टांगलेलं तेच धरायचं, असा मॅडमचा हुकूम हाय."

"पण त्यावर नाव हाय की तिचं!"

"व्हय, बघितलं आम्ही. लई मोठं हाय." नागोजीला हसू आवरत नव्हतं. "पोरगीनं उघडलं आन् पांढरीफटक पडली. मग मॅडमनीच कागद दिले, म्हणाल्या, नाव आणि फोटो झाकून टाक. मांडणीचे मार्क जातील, पण पोस्टर काढणार न्हाय. आणि तसं बघाय गेलं तर पोस्टरला मार्क थोडेच. खरं काम सांगण्यावर."

नागोजीनं हे धीर द्यायला सांगितलं होतं. पण परशरामला वाटलं, आता मात्र सगळं संपलं. आधी निदान पोस्टरचा आधार तरी होता. तोही आपण काढून घेतला, आणि पोरीला नेमकं तिथं नेऊन उभं केलं जिथं तिची दातखीळ बसते. त्यानं विचारलं, "इथनं बघू काय?" नागोजीनं स्टूल थोडं बाजूला घेतलं.

हॉलमध्ये दोऱ्यांवर पोस्टरं टांगली होती. सगळी शांत, स्वच्छ, ऐसपैस. आणि त्यांच्यात एक पिवळं-लाल, जत्रेतून वाट चुकून आल्यासारखं. वरच्या नावावर, बाजूच्या फोटोवर आणि खालच्या चेहऱ्यांवर पांढरे कागद होते, ते जखमेच्या चिकटपट्टीनं चिकटवलेले. मधल्या मजकुराची अक्षरं मुंग्यांएवढी झालेली. झाकायचे राहून गेलेले दोन गुलाब तेवढे ठसठशीत दिसत होते. बाजूला उपासना उभी होती, हात पाठीमागं बांधून. तिची बोटं एकमेकांत अडकलेली त्याला दारातून दिसली.

परीक्षक तिच्याकडंच आले. एक नीला मॅडम, पिकल्या केसांच्या, सुती साडीतल्या. दुसरे राघवेंद्र सर, धारवाडहून बोलावलेले. सरांनी पोस्टर वाचायचा प्रयत्न केला, चष्मा वर केला, खाली केला, आणि इंग्रजीत म्हणाले की तूच सांग. उपासना इंग्रजीत बोलू लागली. परशरामला त्यातलं 'इन्सुलिन' आणि 'फ्रिज' एवढंच कळलं. पण ती बोलत होती. अक्षरं दिसत नसल्यामुळं सर आणि मॅडम दोघंही पुढं वाकले होते. तिघांची तोंडं पोस्टरकडं, तिघं एकाच बाजूला. तिच्याकडं रोखून बघणारं कुणी नव्हतं. मध्ये टेबल नव्हतं.

मग सरांनी एक प्रश्न विचारला आणि ताठ होऊन तिच्या तोंडाकडं बघितलं. उपासना गप्प झाली. परशरामला ती गप्प बसण्याची पद्धत माहीत होती. तिचे ओठ थोडे उघडे राहिले, मान खाली गेली. त्यानं काखेतली गुंडाळी घट्ट धरली. नागोजीसुद्धा हसायचा थांबला.

पंखा वर गरगरत होता. फ्लेक्सवर चिकटपट्टी टिकत नाही, हे परशरामला या धंद्यामुळं माहीतच होतं. खालच्या कागदाचं एक टोक सुटलं, मग दुसरं सुटलं, आणि कागद जमिनीवर पडला. 'शुभेच्छुक' या शब्दाखाली डोक्यावरून पदर घेतलेली तानीबाई सगळ्या हॉलकडं बघू लागली.

"इवरु यारु?" सरांनी कन्नडमध्ये विचारलं. कोण या, म्हणून.

उपासनानं फोटोकडं बघितलं. सरांकडं बघायची गरज राहिली नाही. "आज्जी," ती म्हणाली. "माझी आज्जी, सर."

नीला मॅडम हळूच म्हणाल्या, "सर पेशंटच्या घरचे आहेत असं समज. त्यांना आता तुझ्या भाषेत सांग. त्यांना मराठी कळतं."

आणि उपासना सांगू लागली. आधी आवाज बारीक होता, मग तो भरला. "माझ्या आज्जीला इन्सुलिन दिलं. डॉक्टर म्हणाले, थंड जागी ठेवा. घरात फ्रिज नव्हता. माझे काका शेजारच्या आईस्क्रीमवाल्याकडं गेले आणि त्यांनी ते फ्रीजरमध्ये ठेवलं. रोज सकाळी हातात धरून वितळवायचे. ते गोठून वाया गेलं होतं, हे कुणालाच कळलं नाही. आज्जी मरता मरता वाचली."

दारात परशरामनं मान खाली घातली. आता सगळ्या बेळगावला कळलं, असं त्याला वाटलं.

"मग चूक कुणाची?" सरांनी मराठीतच विचारलं.

"काकांची नाही, सर." ती थांबली नाही, अडखळली नाही. "त्यांना वाटलं, जेवढं जास्त थंड तेवढं चांगलं. कुणालाही वाटेल. बोरगावात मी ज्या घरांत गेले, तिथं सगळ्यांना 'थंड जागी' एवढंच सांगितलं होतं. थंड जागा म्हणजे नेमकी कुठली, ते कुणी सांगितलं नव्हतं. कुणी देवघरात ठेवलं, ते सगळ्यांत चांगली जागा म्हणून ठेवलं. घरचे लोक जिवापाड करतात, सर. सांगणाऱ्यांनी अर्धंच सांगितलं. म्हणजे आम्ही. चूक आमची."

सरांनी मडक्याच्या चित्रावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि मडकं फुटलं तर?"

"दुसरं आणेपर्यंत बाटली पिशवीत बांधायची, वर ओलं फडकं, आणि सावलीत ठेवायची. बर्फात मात्र नाही. आणि हे मी सांगून झाल्यावर तुम्ही मला परत सांगायचं, सर. म्हणजे मला कळेल, मी नीट सांगितलं का ते."

सर हसले. त्यांनी खरंच परत सांगितलं, मोडक्या मराठीत, आणि एक गोष्ट विसरले. उपासनानं ती त्यांना सांगितली. मग परीक्षक पुढच्या पोस्टरकडं गेले.

परशराम जिन्यात येऊन पायरीवर बसला. छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं होतं. मग त्यानं मोबाईल काढला आणि घरी लावला. तानीबाईनंच उचलला.

"आई," तो म्हणाला, "उपासना बोलली बघ. सगळ्यांसमोर. घडाघडा."

"पास झाली काय?"

"ते अजून न्हाय कळलं. आई, तिनं तुझं इन्सुलिनचं सांगितलं. म्हणाली, त्यात काकांची चूक नव्हती."

"मग? कोण म्हणालं हुतं तुझी चूक हाय म्हणून?"

परशरामनं आठवून बघितलं. देवाप्पा म्हणाला नव्हता. वहिनी म्हणाली नव्हती. आईनं तर शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा विचारलं होतं, परश्या जेवला काय. खरोखरच कुणी म्हणालं नव्हतं. "कोण न्हाय," तो म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"मग फोन ठेव. निकाल कळला की कर," तानीबाई म्हणाली.

दुपार कलली तेव्हा सगळ्या मुली हॉलच्या पुढच्या बाजूला गोळा झाल्या. नागोजीनं परशरामला मागच्या भिंतीला उभं राहू दिलं. मॅडमच्या मनासारखं काम ज्यांचं झालं नव्हतं, त्यांना पोस्टर नव्यानं करून पुन्हा उभं राहावं लागणार होतं, आणि तेवढ्यांचेच नंबर मॅडम वाचणार होत्या. बाकीचे पास.

"सात," मॅडमनी वाचलं. "अकरा. एकोणीस. चोवीस."

परशरामनं डोळे मिटले. सगळ्या देहाचा कान झाला.

"एकतीस. अडतीस. झालं. बाकीच्यांनी मोबाईल घेऊन घरी जावं."

मुलींचा गलबला उठला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी गळ्यात पडल्या. परशराम मात्र जागचा हलला नाही. आनंद करायचा आणि मग पुन्हा नंबर निघायचा, असं नको. मुलींमधून वाट काढत तो पुढं आला. त्याच्या केसांवर रस्त्याची धूळ होती आणि काखेत ती गुंडाळी.

"मॅडम," तो म्हणाला, "एकदा नीट बघा की. एखादा नंबर वाचायचा राहिला न्हाय न्हवं?"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कुठला नंबर?"

"सव्वीस."

"सव्वीस पास आहे," मॅडम म्हणाल्या. "मांडणीला मी जवळजवळ काहीच दिलेलं नाही. एवढी गर्दी मी जत्रेतसुद्धा बघितली नाही. पण राघवेंद्र सरांनी सांगण्याचे मार्क दिलेत ते आजच्या दिवसातले सगळ्यांत जास्त. तुम्ही कोण?"

जीव भांड्यात पडला तो असा, की त्याबरोबर परशरामचा आवाजही कुठं तरी गेला. त्यानं हात जोडले. तोंड उघडलं. पण शब्द येईना. गावाला नावं लिहून देणाऱ्या माणसाला स्वतः कोण ते सांगता येईना. ओठ नुसतेच हलले.

गर्दीतून उपासना पुढं आली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मॅडमच्या डोळ्यांत बघून, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "हे माझे काका, मॅडम. पोस्टर यांनीच केलंय."